बेचाळिसावं मिनिट

सिनेमाच्या चाचणी खेळाला एकशे वीस प्रेक्षक बोलावले होते. आले एकशे अठरा. दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर शेजारच्या खुर्च्यांची नोंद बिघडते, म्हणून ऋजुता शिंत्रेनं एक खुर्ची कॅन्टीनमधल्या मुलीला दिली आणि दुसरीसाठी नवऱ्याला फोन केला.

"केदार, शाहूपुरीतच आहेस ना? ये की दोन तास. खुर्ची भरायचीय."

"कसला सिनेमा?"

"थरारपट आहे. ये, मग बघ."

विषय आधी सांगायचा नाही, हा चाचणीचा नियमच होता. पण त्या दिवसानंतर ऋजुताला सगळ्यात जास्त टोचत राहिलं ते हेच. तिनं त्याला सांगितलं नव्हतं.

केदार ड्रोननं जमीन मोजायचं काम करायचा. उन्हातून आला, हसत हसत फॉर्मवर सही केली आणि तिनं दाखवलेल्या एफ-नऊ या खुर्चीत जाऊन बसला. ऋजुता मागच्या काचेच्या खोलीत आपल्या पडद्यांसमोर गेली.

खुर्च्यांची गोष्ट थोडक्यात सांगायला हवी. प्रत्येक पाठीत एक लहानशी चकती बसवलेली असायची. तिच्यातून अगदी मंद लहरी निघायच्या आणि छातीवर आपटून परत यायच्या. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला छाती केसाएवढी हलते, श्वासाला त्याहून जास्त. ते हलणं चकती मोजायची. माणसाला काही चिकटवायला नको, बांधायला नको. यंत्र मुळात तयार झालं होतं ते अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी. सिनेमावाल्यांनी ते उचललं, कारण प्रेक्षक तोंडानं खोटं बोलतो, ठोके बोलत नाहीत.

भीतीच्या बाबतीत यंत्रानं एक नवीन गोष्ट शिकवली होती. भ्यालेल्या माणसाचे ठोके वाढतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. शरीर पळायच्या किंवा लढायच्या तयारीत असतं. पण पळताही येत नाही आणि लढताही येत नाही, अशी भीती ज्यानं पूर्वी भोगलेली असते, त्याचं शरीर तिसरंच काही करतं. ते गोठतं. डोक्यावर घारीची सावली पडल्यावर ससा जागच्या जागी दगड होतो, तसं. ठोके एकदम पंधरा-वीसनं खाली येतात, श्वास अडकतो, अंग ताठ होतं. झोपेतही ठोके उतरतात, पण हळूहळू. गोठणं म्हणजे कड्यावरून खाली पडणं. आलेखावर ते लहान मुलालाही ओळखू येईल.

सिनेमा एका निवासी क्रीडाशाळेतल्या मुलांच्या छळाचा होता. दिग्दर्शिका उर्मी दातार हिनं दोन वर्षं कोर्टाची कागदपत्रं वाचून तो लिहिला होता. सुरुवातीच्या चाळीस मिनिटांत दोन वेळा प्रेक्षक दचकले, आलेख उंच उसळले, खाली आले. सगळं अपेक्षेप्रमाणे.

बेचाळिसाव्या मिनिटाला संगीत थांबलं. पडद्यावर व्हरांडा, दुपारचं ऊन, वसतिगृहाचे रेक्टर आणि दहा वर्षांचा मुलगा. रेक्टर मोसंबं सोलतायत. एकेक फोड काढून, बिया वेचून, मुलाच्या हातात देतायत. "तू बाकीच्यांसारखा नाहीस. तू माझा खास आहेस," एवढंच म्हणतात. मुलगा खातो. दुसरं काही नाही.

सभागृह सैलावलं. खुर्च्यांत माणसं मागे टेकली. एकशे नऊ रेषा निवांत झाल्या आणि अकरा रेषा एकदम खाली कोसळल्या.

ऋजुताला वाटलं, काही चकत्या बिघडल्या. तिनं तपासलं. बिघडल्या नव्हत्या. पुढं काय होणार हे अजून पडद्यावर कुणीच दाखवलं नव्हतं. त्या अकरा जणांना मात्र ते ठाऊक होतं.

पाचवी रेषा एफ-नऊची होती.

*

उर्मी काचेच्या खोलीत आली तेव्हा ऋजुता पडदा तसाच थांबवून बसली होती. उर्मीनं वाकून पाहिलं.

"हा प्रसंग मी रचलेला नाही," ती हळूच म्हणाली. "एका मुलाच्या साक्षीत होता. तसाच्या तसा घेतला. संपादक म्हणत होता, कापू या, इथं काहीच घडत नाही." तिनं खाली पडलेल्या रेषा मोजल्या. "अकरा?"

"अकरा."

"एकशे विसात अकरा. आणि एकाही माणसानं उठून बाहेर जायचं धाडस केलं नाही. कोण आहेत?"

"नावं नसतात. फक्त खुर्चीचे आकडे. फॉर्मवर तसं लिहून दिलंय आपण."

"पण त्यांना कुणीतरी विचारायला हवं ना?"

"काय विचारायचं?" ऋजुता म्हणाली. तिचा आवाज नको तेवढा चढला. उर्मी तिच्याकडं बघत राहिली.

बाहेर चहाच्या टपरीपाशी केदार उभा होता. शर्ट पाठीला चिकटलेला.

"कसा वाटला?"

"बराय. मधे जरा लांबला. एसी फार होता गं आत."

त्यानं दोन घोटांत चहा संपवला, ड्रोनची पेटी खांद्याला लावली आणि संध्याकाळी येताना काय आणायचं ते विचारून गेला. ऋजुता त्याच्या पाठीकडं बघत राहिली. बारा वर्षांचा संसार. या माणसाला दाढीला कुठलं ब्लेड चालतं, कुठल्या भाजीत शेंगदाण्याचं कूट चालत नाही, हे तिला ठाऊक होतं.

*

घरी आल्यावर दारातच अन्वयची सॅक दिसली. अन्वय नऊ वर्षांचा. सोमवारी सकाळी तो बापूसरांच्या शिबिराला निघणार होता. गगनबावड्याला दहा दिवस. बापूसर म्हणजे बापूसाहेब नलगे, केदारच्या शाळेतले निवृत्त क्रीडाशिक्षक. गावात त्यांना न ओळखणारा माणूस सापडला नसता. पस्तीस वर्षं ते मे महिन्यात मुलांना डोंगरात घेऊन जात होते.

"टॉर्च ठेवलीय, नॅपकिन ठेवलेत," सासूबाई म्हणाल्या. सुनंदाबाईंचा उत्साह नातवापेक्षा जास्त होता. "केदार सलग चार वर्षं जात होता. बापूसरांनी माणसात आणला त्याला. घुम्या होता नुसता."

केदार आत येता येता थांबला. "आई, ऊन फार आहे या वर्षी. राहू दे ना."

"डोंगरात कसलं आलंय ऊन?"

"पाण्याचंही नीट नसतं तिथं."

ऋजुताला आठवलं. गेल्या महिन्यापासून हे चालू होतं. ऊन, पाणी, डास, रस्त्याची कामं. दर वेळी तिनंच त्याला उडवून लावलं होतं. किती काळजी करतोस, मुलगा आहे की काचेचं भांडं?

आता त्या प्रत्येक सबबीचा अर्थ तिला वेगळा लागत होता. पण ऊन म्हणजे ऊनही असू शकतं. तिच्याजवळ एक रेष होती, नाव नव्हतं. कोण असेल? भिंतीवर सासऱ्यांचा फोटो होता. तिची नजर तिथं गेली आणि तिलाच शरम वाटली. मग केदारचे मामा. मग शेजारचे, ज्यांच्याकडं तो गणित शिकायला जायचा ते जोशीकाका, जे अजून दर दिवाळीला फराळाला यायचे आणि अन्वयला मांडीवर घ्यायचे. दोन दिवस ती घरात येणाऱ्या प्रत्येक पुरुषाचे हात बघत राहिली.

शुक्रवारी सकाळी केदार गॅलरीत झाडांना पाणी घालत होता. ती जवळ गेली.

"सिनेमा बघताना तुला काही त्रास झाला का रे?"

"नाही. का?"

"सहज."

पाणी कुंडीतून ओसंडून फरशीवर वाहत होतं. त्याचं लक्ष नव्हतं. "नाही झाला," तो पुन्हा म्हणाला आणि बादली घेऊन आत गेला.

तिथं तिनं परत विचारायला हवं होतं. विचारलं नाही. शनिवारी तिनं स्टुडिओतून हातात मावेल एवढी एक चकती पर्समध्ये टाकून घरी आणली.

*

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ऋजुता म्हणाली, "आई, केदारच्या लहानपणीचे फोटो काढा ना. अन्वयला दाखवू शिबिराला जायच्या आधी."

सुनंदाबाईंना तेवढंच हवं होतं. जाडजूड अल्बम टेबलावर आला. अन्वय खुर्चीवर गुडघे टेकून वाकला. केदार आपल्या नेहमीच्या जागी बसला. टेबलाच्या खालच्या बाजूला, त्याच्या छातीसमोर, चकती चिकटपट्टीनं लावलेली होती. रेष ऋजुताच्या मांडीवरच्या फोनमध्ये उमटत होती.

अन्वयचे आजोबा. रेष संथ. मामा सायकल शिकवताना. संथ. जोशीकाका, पाटी, पेन्सिल. केदार हसला, "किती मार खाल्लाय यांचा." रेष जराशी वर गेली, खाली आली. ऋजुताला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी स्वतःची किळसही आली.

"हे बघ, हे शिबिर!" सुनंदाबाईंनी पान उलटलं. "ओळख बघू बाबाला."

टेकडीवर ओळीनं उभी मुलं. मधे बापूसर, पांढरी हाफ पँट, गळ्यात शिट्टी. त्यांचा एक हात शेजारच्या किडकिडीत मुलाच्या खांद्यावर.

फोनवरची रेष कड्यावरून पडली.

ऋजुतानं वर पाहिलं. केदार फोटोकडं बघत नव्हता. तो तिच्याकडं बघत होता, मग तिच्या मांडीकडं, जिथं फोनचा उजेड साडीवर पडला होता. तो हळूच वाकला, टेबलाखाली हात घातला आणि चकती ओढून काढली.

"हे काय आहे?"

"अन्वय, आजीबरोबर आत जा."

"ऋजुता, हे काय आहे?"

सुनंदाबाई काही न कळून नातवाला घेऊन आत गेल्या. ऋजुतानं सगळं सांगितलं. बेचाळिसावं मिनिट, अकरा रेषा, एफ-नऊ. सांगताना तिचं तिलाच ऐकवत नव्हतं.

"म्हणजे तू माझ्या अंगाला विचारलंस," केदार म्हणाला. "मला न सांगता."

"उद्या अन्वय जाणार आहे. माझ्याकडं वेळ नव्हता."

"सरांनीही विचारलं नव्हतं मला."

तिनं फोन पालथा ठेवला.

"तुला विचारलं होतं मी," ती म्हणाली. "गॅलरीत."

"एकदा. मी नाही म्हटलं. परत विचारायचं होतंस." त्यानं चकती टेबलावर ठेवली, फार काळजीपूर्वक, जणू ती फुटेल. "मी पाठवणार नव्हतोच त्याला. सकाळी ताप आलाय म्हणून सांगणार होतो. पुढच्या वर्षी आणखी काहीतरी. तो मोठा होईपर्यंत असंच काढायचं, असं ठरवलं होतं मी."

"आणि बाकीची मुलं?"

तिच्या तोंडून निघून गेलं. केदारचा चेहरा असा झाला की तिनं हात पुढं केला. त्यानं तो घेतला नाही. चप्पल घालून तो बाहेर पडला आणि दिवस मावळायच्या आत परतला, पायांना पंचगंगेच्या घाटावरचा चिखल. जेवला. अन्वयच्या सॅकमधले कपडे एकेक काढून त्यानं परत कपाटात लावले. ऋजुताशी बोलला नाही.

*

सोमवारी साडेसहाला गाडी कॉलनीत आली. बिनड्रायव्हरची पांढरी मिनीबस. आत आठ मुलं, खिडक्यांतून ओरडत होती. आणखी चौघं फाटकाशी आईबापांबरोबर उभी. बापूसर उतरले. सत्तरीचा, ताठ, हसरा माणूस.

"काय ऋजुताताई, आमचा पैलवान कुठाय?"

"अन्वय येणार नाही."

"अरेच्चा! आईचा जीव तुटतोय होय? अहो, त्याच्या बापाला मीच तयार केलाय."

ऋजुताला सगळं ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण ते तिचं नव्हतं सांगायचं. काल दुपारी एवढं तरी तिला कळलं होतं. आपला मुलगा घरात आहे, दार लावून घेता येईल. गाडीतल्या आणि फाटकाशी उभ्या मुलांचे चेहरे तिनं बघितले. पाटलांची जुळी होती, भाऊ आणि बहीण. खालच्या मजल्यावरचा सात वर्षांचा कबीर होता.

मुलं चढली. दार मिटलं. गाडी हलली आणि दोन फुटांवर थांबली.

"कृपया वाट मोकळी करा," गाडी म्हणाली.

केदार समोर उभा होता. बनियनवर, अनवाणी. जिन्यातून तसाच धावत आला असणार.

"कृपया वाट मोकळी करा."

"केदार, काय पोरखेळ लावलास?" बापूसर खिडकीतून म्हणाले.

"मुलांना खाली उतरवा."

"शिंत्रे, काय झालं हो?" पाटील पुढं आले. खिडक्या उघडल्या, वरच्या गॅलऱ्यांतून माणसं वाकली. केदारचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. ऋजुता त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. त्याचा हात मात्र तिनं धरला नाही.

"मी दहा वर्षांचा होतो," केदार म्हणाला. "यांच्या शिबिरात."

तो तिथंच थांबला. गाडीनं तिसऱ्यांदा वाट मोकळी करायला सांगितलं.

"डोकं फिरलंय याचं," बापूसर हसत उतरले. त्यांनी सगळ्यांकडं बघितलं. "लहानपणापासून विचित्रच होता. याच्या आईला विचारा."

कबीरची आई नर्स होती. नाईट करून नुकतीच आली होती, अंगावर अजून तो गणवेश. ती सरळ गाडीजवळ गेली, दाराचं लाल बटण दाबलं. "मला बाकी काही माहीत नाही. कबीर, चल खाली."

"अहो ताई, असं काय—"

"चल खाली म्हटलं ना."

मग पाटलांनी आपली दोघं उतरवली. मग उरलेली. गाडीत आधीपासून बसलेल्यांच्या घरी फोन गेले, त्यांचे आईबापही धावत आले. काही आईबाप चिडलेले होते, काही केदारकडं रागानं बघत होते, एकानं तर तोंडावर म्हटलं, देवमाणसावर असले आरोप करताना लाज वाटायला हवी. पण त्यानंही आपल्या मुलीचा हात सोडला नव्हता.

*

पोलीस ठाण्यात एका बाजूच्या खोलीत बसवलं. उपनिरीक्षक वहिदा मुजावर तिशीच्या होत्या, शांतपणे ऐकून घेणाऱ्या. इतक्या वर्षांनी चालतं का, असं केदारनं आधी विचारलं. "उशीर झाला म्हणून घेत नाही असं होत नाही," त्या म्हणाल्या. "काही कागद, फोटो, कसला पुरावा आहे का तुमच्याकडं?"

ऋजुताचा हात पर्सवर गेला. फोनमध्ये दोन्ही रेषा होत्या, स्टुडिओतून उतरवून घेतलेली आणि टेबलापाशीची, वेळेसकट. केदारनं तिच्याकडं पाहून मान हलवली. नाही.

"मी सांगतो ते लिहून घ्या," तो म्हणाला.

तिनं तिथंच, बाकावर बसून, दोन्ही नोंदी पुसून टाकल्या. त्यानं ते पाहिलं. त्याचा राग गेला नव्हता आणि लवकर जाणारही नव्हता, हे तिला दिसत होतं.

दार ढकलून सुनंदाबाई आत आल्या. मागून रिक्षा करून आल्या होत्या. पदर खोचलेला तसाच, हातात घराची किल्ली.

"आजी, तुम्ही बाहेर बसा," मुजावर म्हणाल्या.

"असू दे," केदार म्हणाला. "ऐकू दे तिलाही."

त्या भिंतीशी खुर्चीवर बसल्या. केदार सांगत गेला. एकसारखं नाही. मधेच थांबायचा, पाणी मागायचा, मागं जाऊन तारीख दुरुस्त करायचा. तंबूंच्या रांगा, सरांची वेगळी खोली, खास मुलांना मिळणारी खास कामं. जे सांगता आलं ते सांगितलं. जे आलं नाही तिथं मुजावर थांबल्या आणि म्हणाल्या, "ते उद्या लिहू." ऋजुता टेबलाच्या कडेकडं बघत ऐकत राहिली. रेषेत यातलं काहीही नव्हतं. तिला वाटलं होतं, आपल्याला सगळं कळलंय.

अडीच तास गेले. मुजावरांनी पान उलटलं.

"आता शेवटचं विचारते. त्या वेळी घरी कुणाला सांगितलं होतंत?"

केदारनं आईकडं बघितलं नाही. समोरच्या रिकाम्या पेल्यात बघत राहिला.

"नव्हतं सांगितलं, असं लिहू?"

"नाही," तो म्हणाला.

भिंतीशी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सुनंदाबाई उठून टेबलापाशी आल्या. त्यांनी टेबलाची कड धरली.

"सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या वर्षी. स्वयंपाकघरात आला, म्हणाला, आई, मला नको पाठवू, सर मला एकट्याला त्यांच्या खोलीत बोलवतात. मी म्हटलं, तुझ्यावर जीव आहे त्यांचा, नशीब समज. आणखी दोन वर्षं पाठवला मी त्याला."

"आई," ऋजुता म्हणाली.

"थांब तू." त्या मुजावरांकडं वळल्या. "माझं नाव सुनंदा वसंत शिंत्रे. वय एकाहत्तर. त्यानं सांगितलं होतं, बाई. मला सांगितलं होतं. लिहा."